पंच्याहत्तर किलोचा माणूस

भारतात विमानात बसणारा प्रत्येक मोठा माणूस ७५ किलोचा असतो. पैलवान असो की वाळलेला पेन्शनर, कागदावर ७५. त्यात हातातली बॅगही आली. दोन ते बारा वर्षांचं मूल ३५ किलोचं, मांडीवरचं बाळ १० किलोचं. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने ठरवून दिलेले हे आकडे मला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येतील. नोकरीची बरीच वर्षं मी सांताक्रूझला एका लहान कंपनीत ट्रिमशीट, म्हणजे विमानातल्या वजनाचा हिशेब, भरत होतो आणि राहायला होतो डोंबिवलीच्या मानपाड्यात. पहाटेच्या फ्लाइटसाठी अपरात्री निघायचं, मानपाडा रोडला रिक्षा मिळाली तर मिळाली, नाहीतर स्टेशनपर्यंत पायी, मग दादरला गाडी बदलून पुढे.

डोंबिवलीच्या माणसाला वजनमर्यादा समजावून सांगणं महाकठीण. आमच्या लोकलमध्ये ‘आज गाडी जड झाली, तुम्ही दोघं उतरा’ असं कुणी कुणाला म्हटल्याचं ऐकिवात नाही. मी काय काम करतो हे शेजारच्यांना सांगितलं की ते हसायचे. पण काउंटरवर तिकीट हातात घेऊन उभ्या असलेल्या माणसाला ‘साहेब, तुम्हाला आज नेता येत नाही’ हे सांगताना हसू येत नाही. त्याचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘का, मी जाड आहे म्हणून?’ नाही हो. त्याचं खरं वजन आम्हाला ठाऊकच नसायचं.

हिशेब असा असतो. विमानाला तीन मर्यादा. उडताना जास्तीत जास्त किती वजन चालेल, उतरताना किती चालेल, आणि इंधन सोडून बाकी सगळं मिळून किती चालेल. तिन्ही बाजूंनी गणित मांडायचं आणि सगळ्यात लहान आकडा येईल तो धरायचा. त्यातून माणसं आणि सामान. उतरण्याची मर्यादा आणि बिनइंधनाची मर्यादा कारखान्यातूनच बांधून आलेल्या. उडण्याची मात्र रोज बदलते. धावपट्टी किती लांब, समुद्रसपाटीपासून किती उंच, वारा समोरून की मागून, आणि पारा किती चढलाय. तापलेली हवा विरळ होते. पंखांना आधार कमी मिळतो, इंजिनाचा जोरही घटतो. म्हणून जळगावहून मे महिन्यात सकाळी सातला जे विमान सगळ्यांना घेऊन उडेल, तेच दुपारी दोनला चार-सहा जणांना मागे ठेवेल. पावसाळ्यात वेगळीच तऱ्हा. जिथे जायचं तिथे ढग खाली आलेले असले, तर दुसऱ्या विमानतळावर जाण्याइतकं जादा इंधन भरावं लागतं. लहान गावी इंधन मिळत नसेल तर परतीचंही इथूनच न्यायचं. उन्हाळ्यात माणूस हवेने उतरवला आणि पावसाळ्यात इंधनाने, एवढाच फरक.

उतरवण्याचाही क्रम असे. आधी ‘सब्लो’, म्हणजे जागा उरली तरच बसायचं अशा तिकिटावरचे आमचेच कर्मचारी. मग माल. मग बॅगा, ‘संध्याकाळच्या फ्लाइटने येतील’ असं सांगून. एवढ्यावर भागलं नाही तर शेवटी चेक-इन केलेला प्रवासी. कार्बन घालून तीन प्रतींत काढलेल्या शीटवर तळाशी शेवटच्या क्षणीच्या बदलांचा एक रकाना होता, एल.एम.सी. म्हणायचे त्याला. त्यात वजा दोन लिहिलं की दोन माणसांचा दिवस गेला. कॅप्टन सही करायचा, दार बंद व्हायचं, आणि त्या दोघांसमोर मी.

माणूस मागे ठेवणं हे आजचं नाही. टाटांनी हिंदुस्थानात विमानाने टपाल न्यायला सुरुवात केली तेव्हा प्रवासी हाच उरलेल्या जागेतला माल होता. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा पुस मॉथ जातीचं एका इंजिनाचं विमान घेऊन कराचीहून निघाले, अहमदाबादला थांबले (तिथे पेट्रोल बैलगाडीतून आलं होतं) आणि जुहूला उतरले. पुढचा मद्रासपर्यंतचा टप्पा नेव्हिल व्हिन्सेंट यांनी बेल्लारीमार्गे उडवला. विमानात होती पत्रं. लंडनहून इम्पीरियल एअरवेजने कराचीला आणलेली टपालाची पोती पुढे न्यायची, हाच धंदा. पहिल्या वर्षभरात टाटांच्या विमानांनी सुमारे पावणेदहा टन टपाल वाहिलं आणि प्रवासी नेले १५५. वर्षभरात १५५! पावसाळ्यात तर जुहूच्या चिखलात विमानं रुततील म्हणून सगळा बाडबिस्तरा पुण्याला हलवायचे. दोन विमानं, तीन वैमानिक, तीन मेकॅनिक. येरवड्याच्या तुरुंगाच्या सावलीतलं मैदान हाच विमानतळ. टपालाचं वजन पक्कं आणि त्याचे पैसेही पक्के. पोती चढली, इंधन भरलं आणि वर वजन उरलं, तर माणूस. त्या काळात इम्पीरियल एअरवेज प्रवाशाला त्याच्या सामानासकट काट्यावर चढवत असे. आज ऐकायला अपमानास्पद वाटतं. मला तो काटा प्रामाणिक वाटतो. ज्याला मागे ठेवलं त्याला आकडा दिसत तरी होता.

पत्रांचा हा मान पुढेही टिकला. १९४९ साली रात्रीची टपाल विमानसेवा निघाली, तिचा मध्य होता नागपूर. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास अशा चार दिशांनी रात्री विमानं सुटायची, मध्यरात्री नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर भेटायची, पोत्यांची अदलाबदल करून पहाटेपर्यंत आपापल्या गावी परत. मुंबईत टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी मद्रासला. त्या डकोटा विमानांतून प्रवासीही जात, पण रात्री दोन वाजता सोनेगावला विमान बदलायची हौस किती जणांना असणार! आजही नागपूरचे जुने लोक त्या रात्रीच्या वर्दळीविषयी अभिमानाने बोलतात. खरी पाहुणी मंडळी पोत्यांत होती, हे सांगायला मात्र विसरतात.

मग प्रवाशांना तोलणारा तो काटा गेला कुठे? विमानं मोठी झाली तसा गेला. १८० माणसांच्या विमानात एक जण ५० किलोचा, एक ११० चा, सरासरी आपोआप जमते. प्रत्येकाला काट्यावर उभं करण्यापेक्षा सगळ्यांना ७५ चं मानणं सभ्यपणाचं आणि वेळ वाचवणारंही. पण हाच सभ्यपणा १९ खुर्च्यांच्या विमानात महागात पडू शकतो. १९ माणसांत सरासरी जमेलच याची हमी काय? कोल्हापूरच्या तालमीतली मंडळी स्पर्धेला निघाली असली तर? म्हणूनच जगभर खेळाडूंच्या संघासारख्या मंडळींसाठी ठोकळ वजन न धरता खरं वजन धरण्याचा नियम आहे. हेलिकॉप्टरवाले तर आजही प्रवाशाला सरळ काट्यावर उभं करतात, आणि केदारनाथला जाणारं कुणी त्याबद्दल रुसलेलं माझ्या ऐकण्यात नाही.

महाराष्ट्रात लहान विमानांची मोठी लाट डिसेंबर २०१७ मध्ये आली. ‘उडान’ योजनेखाली एअर डेक्कनने मुंबईहून जळगाव आणि नाशिकसाठी बीचक्राफ्ट १९००डी हे विमान लावलं. दोन वैमानिक, हवाईसुंदरी नाही, स्वच्छतागृह नाही, उड्डाणाचं कमाल वजन साधारण ७,७६६ किलो. याच जातीच्या विमानामुळे सरासरीचा प्रश्न जगापुढे आला होता. ८ जानेवारी २००३ रोजी अमेरिकेतल्या शार्लट इथे एअर मिडवेस्टचं बीचक्राफ्ट उडता उडता कोसळलं, १९ प्रवासी आणि दोन्ही वैमानिक, सगळे गेले. तपासात दोन कारणं निघाली. शेपटीकडच्या नियंत्रणाची जुळणी दुरुस्तीत चुकली होती, आणि विमान कागदावर होतं त्यापेक्षा जड आणि शेपटीकडे झुकलेलं होतं. नंतर खरीखुरी माणसं मोजली तेव्हा सरासरी माणूस धरलेल्या वजनापेक्षा सुमारे नऊ किलोंनी जड निघाला. १९ माणसांवर नऊ-नऊ किलो म्हणजे १७१ किलो, म्हणजे कागदावर न दिसणारे दोन जादा प्रवासी. अमेरिकेने ठोकळ वजनं वाढवली. अलीकडे, २०२३ मध्ये एअर न्यूझीलंडने आणि २०२४ मध्ये फिनएअरने स्वखुशीने येणाऱ्या प्रवाशांना काट्यावर घेतलं, नावाशी न जोडता, फक्त सरासरी नीट काढायला.

‘उडान’च्या आधीचं ‘वायुदूत’ आता कुणाला आठवत नाही. १९८१ मध्ये ईशान्य भारतासाठी निघालेली ही सरकारी कंपनी, पुढे कानपूरला बनणारी डॉर्नियर २२८ विमानं घेऊन देशभरच्या लहान गावांना जाऊ लागली आणि नव्वदीच्या दशकात गुंडाळली गेली. रिकाम्या खुर्च्यांनी तिला मारलं. वजन हे तिचं दुखणं नव्हतंच.

‘उडान’चं पहिलं विमान २७ एप्रिल २०१७ ला सिमल्याहून निघालं. त्याच कार्यक्रमात नांदेड-हैदराबाद सेवेलाही झेंडा दाखवला गेला, म्हणून आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत बातमी मोठी आली. सिमल्याची धावपट्टी डोंगर कापून केलेली, जेमतेम सव्वा किलोमीटर, आणि समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरवर. तिथे एटीआर ४२ दिल्लीहून ३५ जणांना आणणार आणि परतताना फक्त १५ जणांना नेणार, हे आधीच जाहीर झालं होतं. या तुटीला आमच्या धंद्यात ‘लोड पेनल्टी’ म्हणतात.

कोल्हापूरची गोष्ट त्याच जातीची, फक्त तिला औषध होतं. तिथली धावपट्टी १,३७० मीटर होती, ती वाढवून १,९३० केली. मीटर वाढले की मागे राहणारी माणसं कमी होतात. पण ते मीटर कुणाच्या तरी शेतातून येतात, आणि हे मला मानपाड्यात राहिल्यामुळे नीट कळलं. आमच्याकडून मलंगगडाच्या दिशेला गेलं की नेवाळी लागतं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी तिथे विमानांसाठी धावपट्टी केली, गावकऱ्यांच्या जमिनी घेऊन. युद्ध संपलं, जमीन परत आली नाही, पुढे नौदलाच्या ताब्यात राहिली. जून २०१७ मध्ये तिथे कुंपण घालायला सुरुवात झाली तेव्हा शेतकरी रस्त्यावर उतरले, पोलिसांच्या गाड्या जळल्या, गोळीबार झाला. आमच्या शेजारी एक आगरी आजोबा राहत. त्यांच्या सासुरवाडीची शेतं त्या भागात होती. मी विमानतळावर कामाला म्हणून ते मलाच जाब विचारत: ‘जमीन गेली, पन इमान काय आलाच नाय. मग इतकी लांबलचक पट्टी कशाला रं?’ लांबी किती लागते हे ट्रिमशीटवरून मी त्यांना समजावलं असतं. कुणासाठी लागते, हे त्या शीटवर नसतं.

मागे राहिलेल्या माणसाच्या हातात काय पडतं? १ ऑगस्ट २०१६ पासूनचा नियम असा. विमानकंपनीने आधी आपखुशीने मागे राहणारं कुणी आहे का ते विचारावं. नाही मिळालं आणि तिकीट पक्कं असलेल्या माणसाला नाकारलं, तर तासाभरात दुसरं विमान दिल्यास काही नाही. चोवीस तासांच्या आत दिल्यास एकेरी मूळ भाडं अधिक इंधन आकार यांच्या दुप्पट, कमाल १०,००० रुपये. त्यापेक्षा उशीर झाला तर चौपट, कमाल २०,०००. हा नियम खुर्च्यांपेक्षा जास्त तिकिटं विकण्याला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेला आहे. वजनाचं कारण निघालं की वाद सुरू होतो: आम्ही जास्त तिकिटं विकली नाहीत, खुर्च्या तेवढ्याच होत्या, हवाच तापली, आमच्या हातात काय?

नोकरीत असताना हे उत्तर मीही काउंटरवर दिलेलं आहे, साहेबांनी पढवलेलं. निवृत्त झाल्यावर मात्र ते मला पटेनासं झालं. जळगावची धावपट्टी १,७०० मीटर आहे, उद्या ती आकसणार नाही. खानदेशात मे महिन्यात पारा कुठवर जातो हे शाळकरी पोर सांगेल. धावपट्टी, तापमान आणि वजन यांचे छापील तक्ते प्रत्येक विमानाबरोबर येतात. दुपारच्या फ्लाइटमध्ये किती माणसं बसतील हे मार्चमध्ये, तिकीटविक्री उघडायच्या आधी, काढता येतं. सिमल्याला ते काढलं होतं आणि १५ हा आकडा आधी सांगितला होता. अवचित वळीव आला, वारा फिरला, तर गोष्ट वेगळी, तिथे मी वैमानिकाच्या बाजूचा. पण तक्ता माहीत असूनही सगळ्या खुर्च्या विकायच्या आणि एल.एम.सी.च्या रकान्यात वजा चार लिहायचं, हे जास्त तिकिटं विकणंच आहे, आणि त्याला तोच दंड लागला पाहिजे.