कायदा नसलेला मुलूख : पेंढारी, गढ्या आणि आपली झाडीपट्टी

गेम असो, कादंबरी असो की वेब सिरीज, त्यात एक मुलूख हमखास असतो. राज्याच्या अगदी कडेला, जंगलाला लागून. तिथं राजाचा हुकूम चालत नाही, लुटारू मोकाट फिरतात आणि चार घरांची वस्ती कुंपण घालून कशीबशी तग धरते. आज मी अशाच मुलखाबद्दल बोलणार आहे, पण तो खराखुरा आहे. पवनी तालुक्यातलं आसगाव घ्या, तिथला धानाचा पट्टा घ्या आणि पूर्वेकडची झाडीपट्टी घ्या. दोनशे वर्षांपूर्वी हा सगळा भाग नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता.

माझा प्रश्न साधा आहे. इथला कायदा गेला कुठे?

जंगल होतं म्हणून बेबंदशाही होती, असं आपण सहज म्हणून टाकतो. पण घटनांचा क्रम लावून बघा. १८०३ मध्ये आडगावच्या लढाईत दुसऱ्या रघुजी भोसल्यांच्या फौजेचा पराभव झाला. देवगावच्या तहात कटक गेलं, वऱ्हाड गेला. सुमारे एक तृतीयांश मुलूख हातातून गेला. ती तूट भरून काढायला उरलेल्या गावांवर सारा वाढवला, नवे कर बसवले. तरी फौजेचे पगार थकलेच. मग पगार न मिळालेला शिपाई शेतकऱ्यालाच लुटायला लागला.

आणि त्याच सुमारास आले पेंढारी. हे मुळात मराठी फौजांबरोबर फिरणारे बिनपगारी घोडेस्वार. लुटीची परवानगी मिळावी म्हणून ते उलट सरदारालाच ‘पालपट्टी’ नावाचा कर भरत. म्हणजे लूट होती, पण परवान्याची! त्यांच्यात हिंदू होते, मुसलमान होते, काम सुटलेले शिपाईही होते. १८११ मध्ये ते थेट नागपुरापर्यंत आले आणि शहराबाहेरच्या वस्त्या जाळून गेले. राजधानीची ही गत, तर खेड्यांची काय असेल?

हिशेब करा. एकच शेतकरी, एकच धानाची रास. त्यातून आधी सरकार नेणार, मग सरकारचा शिपाई नेणार, उरलं तर पेंढारी.

गावांनी यावर काढलेला उपाय म्हणजे गढी. नागपूरच्या राज्यात गावोगावच्या बऱ्याचशा गढ्या याच काळातल्या. धूळ उडताना दिसली की माणसं आत शिरायची आणि जिवाच्या कराराने लढायची. बाहेरचं सगळं गेलेलंच असायचं. आज आपण गढी म्हटलं की पाटलाचा थाट आठवतो. मला मात्र ती भीतीची भिंत वाटते.

आता पूर्वेला, जंगलाकडे वळू. तिथं जमीनदाऱ्या होत्या, गोंड वस्त्या होत्या, तलाव बांधणारे कोहळी होते. नवेगाव बांधचा तलाव कोलू पाटील कोहळींनी बांधला असं सांगतात. तलाव म्हटला की नियम आले. पाणी आधी कुणाच्या बांधीत, पाळ फुटली तर माती कुणी टाकायची, हे ठरवावंच लागतं. म्हणजे कडेच्या मुलखाला व्यवस्था ठाऊक होती. ती मोडत होती वरून.

मग पेंढाऱ्यांचा बंदोबस्त कुणी केला? कंपनी सरकारने. पण केव्हा? १८१६ मध्ये पेंढारी कंपनीच्याच गुंटूर भागात घुसले. बारा दिवसांच्या आत ३३९ गावं लुटली, १८२ माणसं मारली. त्यानंतर, १८१७ मध्ये, लॉर्ड हेस्टिंग्जने लाखाच्या वर फौज मध्य हिंदुस्थानात उतरवली. त्याच मोहिमेच्या धामधुमीत सीताबर्डीची लढाई झाली आणि नागपूरचं राज्यही कंपनीच्या मुठीत गेलं. १८१८ मध्ये कामठ्याचा जमीनदार चिमणा पटेल अप्पासाहेब भोसल्यांच्या बाजूने उठला, तर कंपनीच्या लेखी तो बंडखोर ठरला.

म्हणून मला वाटतं, एखाद्या मुलखाला ‘बेकायदा’ म्हणण्याआधी तिथल्या शिपायाचा पगार कुणी थकवला होता, हे विचारावं. तुमच्या गावात पडकी गढी असेल, तर तिच्या भिंतीची जाडी बघा. राज्यावर लोकांचा किती भरवसा उरला होता, याचं माप तिथं सापडेल.

आज इथंच थांबतो. तुमच्या गावच्या गढीबद्दल जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात.