चित्राचा ठावठिकाणा

माझ्या आजोबांच्या संग्रहात एक काळेपांढरे छायाचित्र आहे. उतरता डोंगर, पायथ्याशी नदीचे वळण आणि डाव्या कडेस बैलगाडीचे अर्धे चाक. मागील बाजूस शिसपेन्सिलीने तीनच शब्द लिहिलेले आहेत : ‘साखळीहून परत येताना.’ वाट कोणती, थांबले कोठे, तोंड कोणत्या दिशेस होते, याचा मागमूस नाही. आजोबा हयात होते तोवर कोणी विचारले नाही. विचारावेसे वाटले तेव्हा सांगणारा उरला नव्हता. आणि मधल्या काळात लोहखनिजाच्या खाणींनी डिचोली महालातील कित्येक डोंगरांचे आकारच पालटून टाकले. तेव्हा चित्र आहे, पण त्याला गाव नाही.

ही उणीव भरून काढण्याची धडपड गोव्याच्या इतिहासात फार जुनी आहे. दों जुआंव द कास्त्रु हे नाव आपण ऐकले असेल. हे गृहस्थ पुढे १५४५ मध्ये पोर्तुगीज हिंदुस्थानचे गव्हर्नर झाले. परंतु त्यापूर्वी, १५३८ मध्ये ते प्रथम गोव्यास आले, तेव्हा आरमाराबरोबर दीवपर्यंत गेले आणि वाटेतील किनाऱ्याचे सविस्तर वर्णन त्यांनी लिहून ठेवले. दाभोळ, चौल अशा बंदरांची त्यांनी चित्रे काढविली. खाडीचे मुख, खडक, टेकड्या, सारे त्यांत आहे. विशेष हे की, माध्यान्हीच्या सूर्याची उंची मोजून ते ठिकठिकाणचे अक्षांशही टिपून ठेवीत. चित्राशेजारी त्या स्थळाचा मोजलेला आकडा असावा, ही दृष्टी चारशे ऐंशी वर्षांपूर्वीची आहे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

मात्र आकडा एकच होता. अक्षांश सूर्य सांगतो, रेखांश सांगत नाही. आपला पश्चिम किनारा उत्तर-दक्षिण धावतो, म्हणून एका आकड्यावरही पुष्कळसे निभावले, एवढेच. पृथ्वी एका तासात १५ अंश फिरते, म्हणजे एका अंशास ४ मिनिटे लागतात. तेव्हा दोन ठिकाणांच्या वेळांतील अंतर कळले की रेखांशांतील अंतर कळते. आपली साखळी ७४ रेखांशाच्या लगत आहे आणि भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची. म्हणून साखळीत सूर्य माध्यान्ही येतो तेव्हा घड्याळात सरासरीने १२ वाजून ३४ मिनिटे झालेली असतात. पण यासाठी हलत्या गलबतावरही न चुकणारे घड्याळ हवे. ते सुतारकामात वाढलेल्या जॉन हॅरिसन नावाच्या इंग्रजाने केले, आणि १७६१ मध्ये ते जमैकाच्या सफरीवर कसोटीस लावण्यात आले. स्थळ सापडले ते असे काळाच्या वाटेने. हीच गोष्ट मला आज सांगावयाची आहे, कारण नव्या यंत्रांतही तीच आहे.

अंतोनियु लोपिश मेंदिश यांनी गोवाभर हिंडून काढलेल्या चित्रांसह १८८६ मध्ये लिस्बनला मोठा ग्रंथ निघाला. पुढे कॅमेरे आले. गावाचे नाव चित्राखाली येऊ लागले, परंतु चित्र टिपणारा नेमका कोठे उभा होता, हे मात्र बहुधा तसेच राहिले.

आजची सोय उपग्रहांनी केली आहे. जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून अमेरिकेचे जीपीएस उपग्रह फिरतात. प्रत्येकात अणुघड्याळ असते. निदान चार उपग्रहांचे संदेश किती उशिराने पोहोचले यावरून हातातील यंत्र स्वतःचे ठिकाण काढते. मे २००० पर्यंत नागरी उपयोगाच्या संदेशात मुद्दाम चूक मिसळलेली असे, ती त्या महिन्यात काढून टाकण्यात आली आणि प्रवाशांच्या खिशातील यंत्र खऱ्या अर्थाने उपयोगी झाले. मार्गनोंदणीचे यंत्र, म्हणजे जीपीएस लॉगर, दर काही सेकंदांनी अक्षांश, रेखांश आणि वेळ लिहीत जाते. त्याला चित्र ठाऊक नाही. आणि साध्या कॅमेऱ्याला ठिकाण ठाऊक नाही. दोहोंना ठाऊक असते ती फक्त वेळ. संगणक त्या वेळा जुळवितो आणि ज्या क्षणी चित्र निघाले त्या क्षणीचे ठिकाण चित्राच्या पोटात लिहून ठेवतो. अलीकडे मोबाइल हे काम आपले आपण करतो, म्हणून लॉगर मागे पडला. परंतु वेगळा कॅमेरा वापरणारास तो अद्याप लागतो.

शाळेच्या मुलांना घेऊन मी हरवळ्याला गेलो, तेव्हा हे यंत्र बरोबर होते. धबधबा पाहिला, रुद्रेश्वराचे देवालय पाहिले, खडकांत कोरलेली लेणी पाहिली. घरी येऊन संगणकापुढे बसलो तो एकही चित्र जुळेना. यंत्राची वेळ ग्रीनिचची, कॅमेऱ्याची आपली. साडेपाच तासांचा फरक सांगावयाचा राहिला होता. तो सांगितला, तर धबधबा लेण्यांच्या वाटेवर आला आणि लेणी साखळीच्या रस्त्यावर जाऊन बसली! वर्गात हशा पिकला. दोष माझाच. कॅमेऱ्याचे घड्याळ ११ मिनिटे पुढे होते. ताशी ४ किलोमीटर चालणाऱ्या माणसाची चूक मिनिटाला सुमारे ६७ मीटर होते. ११ मिनिटांत जवळजवळ पाऊण किलोमीटर. मोटारीत बसलात तर गावच बदलते. लहानपणी चर्चची घंटा ऐकून आम्ही घरातील घड्याळ लावीत असू. इतकीही शिस्त मी कॅमेऱ्याला लावली नव्हती.

उपाय सोपा आहे. निघताना लॉगरच्या किंवा मोबाइलच्या पडद्यावरील वेळेचेच एक छायाचित्र घ्यावे. कॅमेरा किती मागेपुढे आहे ते त्यातच उमटते. लेण्यांच्या आतील चित्रांना मात्र हा उपायही पुरा पडला नाही, कारण डोक्यावर दगड असला की उपग्रहांचे संदेश पोहोचत नाहीत. ती ठिकाणे मुलांनी नकाशा पाहून हाताने भरली. घराच्या अंगणातील चित्र परक्यास पाठविताना हा आकडा पुसून टाकावा, हेही मी त्यांस सांगितले.

ही नुसती हौस नव्हे. पेडण्यात मोपच्या पठारावर २०२२ मध्ये विमानतळाचे उद्‌घाटन झाले. त्यापूर्वी त्या पठारावर कोणी गुरांचे, गवताचे, झऱ्याचे चित्र घेतले असेल आणि त्यात हे दोन आकडे असतील, तर आज धावपट्टीच्या कोणत्या भागी तो झरा होता हे दाखविता येईल. आकडे नसतील तर ‘पेडण्याकडे कोठेतरी’ एवढेच.

परवाच्या सुटीत आजोबांचे ते छायाचित्र घेऊन मी वाळवंटी नदीच्या काठाने फिरलो. एका वृद्ध शेतकऱ्याने ते बराच वेळ डोळ्यांजवळ धरले आणि नदीचे वळण ओळखले. डोंगराबद्दल विचारले तेव्हा समोरच्या लाल कापलेल्या उताराकडे बोट दाखविले. खात्री आहे का, असे विचारता ते म्हणाले, “मास्तर, वळणाची आहे, डोंगराची कशी सांगू?” मी तेथेच उभा राहून आकडे पाहिले आणि आजोबांच्या त्या तीन शब्दांखाली पेन्सिलीनेच लिहिले. आधी ‘सुमारे’ असे लिहिले, आणि मग आकडे.