वैवाहिक वादातील मिळकत-हस्तांतरास प्रतिबंध

संसार मोडण्याची चाहूल लागताच पतीने कोल्हापूरच्या कसबा बावड्याच्या शिवारातील उसाची जमीन बक्षीसपत्राने भावाच्या नावे करून दिली, म्हणजे पत्नीची पोटगी बुडाली, ही समजूत निराधार होय. हिंदू पत्नीस पतीच्या हयातीत त्याच्या मिळकतीत केवळ विवाहामुळे मालकी-हिस्सा मिळत नाही, आणि म्हणूनच निर्वाह, निवास व स्त्रीधन यांचे रक्षण अधिक निकडीचे ठरते. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ मधील कलम ३९ अन्वये, मिळकतीच्या उत्पन्नातून निर्वाह मिळण्याचा हक्क विनामोबदला घेणाऱ्याविरुद्ध, तसेच हक्काची माहिती असूनही खरेदी करणाऱ्याविरुद्ध बजावता येतो. मोबदला देऊन अजाणतेपणी घेणाऱ्याविरुद्ध मात्र नाही, आणि खरी मेख येथेच आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखाली दंडाधिकारी स्त्रीधनासह मत्तेच्या विल्हेवाटीस मनाई करू शकतो.

अशा हस्तांतरानंतर तलाठ्याने चावडीवर लावलेल्या फेरफाराच्या कागदाकडे पत्नीने दुर्लक्ष करू नये. हरकतीस १५ दिवसांचीच मुदत असते. तथापि फेरफार ही महसुली नोंद होय. मालकीचा अंतिम निर्णय दिवाणी न्यायालयच देते. म्हणून पीडितेने मनाई हुकमाचा अर्ज पोटगीच्या दाव्याबरोबरच दाखल करावा.