रडणारे तान्हे आणि अफूची गोळी

तान्हे मूल रडू लागले की सगळे घर जागे होते. अंगावर पाजून झालेले असते, दुपटे कोरडे असते, अंगात ताप नसतो, आणि तरीही ते रडतच राहते. मांडीवर घ्या, पाळण्यात घाला, काही उपयोग नाही. मग कोणी म्हणते पोटात दुखत असेल, कोणी म्हणते दृष्ट लागली, आणि एखादी शेजारीण हळूच बाळंतिणीलाच बोल लावते, "तूच काहीतरी खाल्लं असशील!" लढायांना आणि तहांना इतिहासात जागा मिळते, या रडण्याला मिळत नाही. पण वाचकहो, या रडण्यालाही इतिहास आहे. मुंबईच्या गिरणगावातल्या कैक घरांना त्याची फार मोठी किंमत मोजावी लागली, म्हणून तो आज सांगायचा आहे.

मुलाच्या रडण्याचा अर्थ लावण्याचा प्रयत्न आपल्याकडे फार जुना आहे. बालरोगांवरचा ‘काश्यपसंहिता’ हा आयुर्वेदाचा प्राचीन ग्रंथ नेपाळात हस्तलिखित रूपाने मिळाला आणि १९३८ साली छापून प्रसिद्ध झाला. त्यात ‘वेदनाध्याय’ नावाचे एक प्रकरणच आहे. ज्याला बोलता येत नाही त्याचे दुखणे वैद्याने ओळखायचे कसे, हा त्याचा विषय. पोटात शूळ असेल तर मूल स्तन सोडून देते, रडते, उताणे होऊन अंग ताणते, पोट ताठ होते, तोंडाला घाम येतो. डोके दुखत असेल तर ते डोके हलवते आणि डोळे मिटून घेते. आधी नीट पाहावे, मग औषधाचा विचार करावा, ही त्या जुन्या वैद्यांची शिस्त होती.

घरातल्या म्हाताऱ्या बायकाही पाहण्यात कमी नव्हत्या. मूल तिन्हीसांजेला जास्त रडते, हे आजीने केव्हाच हेरले होते. तिने कारण दृष्टीचे लावले आणि मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या, ते सोडून द्या. पण तिचे पाहणे खरे होते. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ ब्रेझल्टन यांनी ८० मुलांच्या आयांकडून रोजच्या रडण्याच्या नोंदी ठेवून घेतल्या आणि १९६२ साली त्या प्रसिद्ध केल्या. दोन आठवड्यांचे निरोगी मूल दिवसाकाठी सुमारे पावणेदोन तास रडत होते, सहा आठवड्यांचे झाले की सुमारे पावणेतीन तास, आणि त्यानंतर रडणे आपोआप उतरत गेले. संध्याकाळी त्याचा जोर अधिक होता. म्हणजे पहिले दीड महिना रडणे चढत जाते आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात ओसरते. हा बहुतेक मुलांच्या वाढीचाच क्रम आहे. त्यात आईचा दोष नाही.

आता यातली एक गंमत ध्यानात घ्या. रडणे जेव्हा कळसाला पोचते तेव्हाच घाबरून उपाय सुरू होतात. पुढे ते आपोआप कमी व्हायचेच असते. पण कमी झाले की श्रेय जाते शेवटी केलेल्या उपायाला. अंगाऱ्याने गुण आला, घुटीने आला, बाटलीतल्या औषधाने आला, असे ज्याला त्याला वाटते. गुरुजींनो आणि बाईंनो, ‘याच्यानंतर झाले म्हणून याच्यामुळे झाले’ ही चूक मुलांना समजावून द्यायची असेल, तर याहून चांगले उदाहरण शोधून सापडायचे नाही.

मग खरा उपाय कोणता? आपल्या खेड्यातल्या घरात तो न सांगता चालत होता. मूल कधी आजीच्या मांडीवर, कधी आत्याच्या कडेवर, कधी थोरल्या बहिणीच्या खांद्यावर असायचे. आढ्याला झोळी टांगलेली, तिला जाता-येता कोणीही झोका द्यायचा. आई दमली तर दुसरे हात तयार असत. कॅनडातील मॉन्ट्रियल शहरात १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आयांना सांगितले की, मूल रडो वा न रडो, दिवसातून नेहमीपेक्षा जास्त वेळ त्याला अंगाशी घ्या. सहा आठवड्यांच्या वयाला त्या मुलांचे रडणे इतरांपेक्षा शेकडा ४३ ने कमी भरले. पुढे १९९१ साली, ज्यांचे रडणे आधीच फार वाढले होते अशा मुलांवर हाच प्रयोग केला, तेव्हा मात्र एवढा गुण दिसला नाही. तेव्हा कडेवर घेणे हा काही जादूचा मंत्र नव्हे. काही रडणे सोसावेच लागते. पण ते सोसायला एकापेक्षा अधिक माणसे असली की घर तग धरते.

हे हात जेथे नाहीसे झाले, तेथे अफू शिरली. पहिली मोठी कहाणी इंग्लंडची. एकोणिसाव्या शतकात कारखाने वाढले, बायका दिवसभर कामाला जाऊ लागल्या, आणि तान्ही मुले सांभाळायला थोडे पैसे घेणाऱ्या बायांकडे राहू लागली. एकेका बाईकडे बरीच मुले. ती गप्प कशी ठेवायची? ‘गॉडफ्रेज कॉर्डियल’ नावाचे गोड औषध दुकानात स्वस्त मिळे. त्यात काकवीसारख्या पाकात अफूचा अर्क मिसळलेला असे. एका दुकानातले औषध सौम्य, तर दुसऱ्यातले जहाल, त्यामुळे चमचाभर औषधात किती अफू गेली ते देणारीलाही कळत नसे. १८६८ साली तिकडे विषारी द्रव्यांच्या विक्रीवर कायद्याने बंधन आले, पण तयार बाटल्यांतली ‘पेटंट’ औषधे त्यातून सुटली. अमेरिकेत याच जातीचे ‘मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप’ घरोघर खपत होते. त्यात अफूपासून काढलेले मॉर्फिन होते. १९०६ साली तिथे कायदा झाला, आणि अफू वा मॉर्फिन असेल तर बाटलीवर तसे छापणे भाग पडले. तेव्हा कुठे आयांना समजले की आपण मुलाला काय पाजत होतो.

अफूने मूल शांत होते, हे खोटे नाही. पण ती शांतता कसली? अफू श्वास मंद करते. डोस थोडा जास्त झाला तर श्वास थांबतोच. रोज थोडी थोडी दिली तर मूल गुंगीत पडून राहते, भूक लागली तरी दूध मागत नाही, त्याचा कोठा बांधला जातो, आणि बाळसे धरण्याच्या वयात ते सुकत जाते. पोटातली भूक कळवण्याचे मुलाकडे एकच साधन असते, ते म्हणजे रडणे. अफू तेच साधन हिरावून घेते.

आता मुंबईकडे वळू. शहरात पहिली कापड गिरणी निघाली ती १८५४ साली. कोकणातून, साताऱ्याकडून माणसे गिरणीत आली, त्यात बायकाही होत्या. त्या बहुतेक वाइंडिंग आणि रीलिंग या सूत गुंडाळण्याच्या खात्यांत काम करीत. १८९१ च्या कायद्याने बायकांचे काम दिवसाला अकरा तासांपुरते मर्यादित केले. त्याआधी एवढीही मर्यादा नव्हती! गिरणीच्या भोंग्याबरोबर बाई खोली सोडी. पण आजी, आत्या, जाऊ ही सगळी माणसे तिकडे गावाला. चाळीतल्या खोलीत तान्हे मूल सहा-सात वर्षांच्या भावंडावर टाकून जायचे, नाहीतर शेजारच्या म्हातारीवर. अशा वेळी कामी येई ती बाळगोळी. तिच्यात अफू असे. सकाळी एक गोळी दिली की मूल आई परत येईपर्यंत पडून राही.

१९२२ साली डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांनी मुंबईच्या गिरण्यांतील बायकांची पाहणी केली. कामकरी बायकांच्या शंभरांतील ९८ मुलांना अफू दिली जाते, असा आकडा त्या वेळी पुढे आला. तो वाचून पुष्कळांनी आयांच्या अडाणीपणाला नावे ठेवली. पण थोडे थांबून विचार करा. शंभरांत पाच आया असे करत असत्या, तर त्यांना अडाणी म्हणता आले असते. शंभरांत ९८ जेव्हा तेच करतात, तेव्हा दोष त्या बायकांच्या समजुतीत शोधून चालत नाही. तो भोंग्याच्या वेळापत्रकात, रोजाच्या पैशात आणि रिकाम्या खोलीत शोधावा लागतो. मूल सोडून जावे तर ते रडून बेजार, घरी बसावे तर चूल बंद. त्या कात्रीत सापडलेल्या आईने गोळी उचलली.

म्हणूनच पुढची सुधारणा उपदेशाने पुरी झाली नाही, तिला कायदे लागले. १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकावर चर्चा झाली, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला जोरदार पाठिंबा दिला. १९२९ साली तो कायदा झाला. देशातला आपल्या तऱ्हेचा तो पहिलाच कायदा. १९३१ च्या कामगारविषयक शाही आयोगाने कारखान्यांत पाळणाघरे असावीत अशी शिफारस केली. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाना कायद्याने, जिथे पन्नासांहून अधिक बायका काम करतात तिथे सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर सक्तीचे केले. दुकानांतून होणारी अफूची खुली विक्रीही टप्प्याटप्प्याने कमी करत १९५९ साली थांबवण्यात आली. गोळी गेली ती अशी दोन्ही बाजूंनी. एकीकडे अफू मिळेनाशी झाली, आणि दुसरीकडे मुलाला धरायला कोणीतरी मिळू लागले.

पण सगळ्या आयांना पाळणाघर मिळाले, असे समजू नका. रस्त्याच्या कामावर, इमारतीच्या बांधकामावर आणि उसाच्या फडात आजही तान्ही मुले झोळीत ठेवून बाया राबतात. १९६९ साली दिल्लीत बांधकामावरच्या मजुरांच्या मुलांसाठी मीरा महादेवन यांनी फिरती पाळणाघरे सुरू केली, ती हीच उणीव पाहून. आपल्या गावाशेजारी ऊसतोडीची टोळी उतरली, तर शिक्षकांनी आणि अंगणवाडीच्या ताईंनी त्या झोळ्यांकडे एकदा पाहून यावे.

शेवटी घरातल्या माणसांसाठी दोन शब्द. तान्ह्याला आधी नीट पाहा. भूक, ओले दुपटे, थंडी किंवा उकाडा यांपैकी काही आहे का ते बघा. मूल तापले असेल, दूध घेत नसेल, वरचेवर उलट्या करत असेल, मलूल पडले असेल, किंवा रडण्याचा सूर नेहमीपेक्षा वेगळा आणि तीव्र लागत असेल, तर घरी वेळ घालवू नका, दवाखाना गाठा. पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज दुसरे काही देऊ नये, असे डॉक्टर सांगतात. तेव्हा घुटी, मध, जायफळ यांचा मोह टाळा, आणि झोपेचे औषध तर मनातही आणू नका. कितीही वैताग आला तरी मुलाला गदागदा हलवू नका, त्याने मेंदूला कायमची इजा होते. आईच्या मनाचा तोल जातोय असे वाटले, तर मुलाला अंथरुणावर उताणे नीट ठेवून तिने चार पावले दूर जावे, पाणी प्यावे. त्याने मुलाचे काही बिघडत नाही.

आणि घरातल्या पुरुषांनो, सासवांनो, नणंदांनो, तिन्हीसांजेला मूल रडायला लागले की "काय झालं गं त्याला?" असे नुसते ओसरीवरून विचारू नका. उठा, आणि "आण इकडे, मी घेतो," "मी घेते," असे म्हणा. गिरणगावातल्या त्या आईला हेच ऐकवणारे कोणी जवळ नव्हते. तुमच्या घरातल्या बाळंतिणीजवळ तुम्ही आहात.