उपांत्य फेरीत हरलेला माणूस

इतिहास शिकवताना मी मुलांकडून जिंकणाऱ्यांचीच नावे पाठ करून घेतो. परीक्षेत तीच विचारतात. हरलेल्यांची आठवण ठेवणाऱ्या एका अनुबोधपटाचे म्हणूनच मला अप्रूप वाटते.

१९६४ साली टोकियोत ऑलिंपिक सामने भरले. महायुद्धात बेचिराख झालेल्या जपानला आपले नवे रूप जगाला दाखवायचे होते. सामन्यांचा अधिकृत चित्रपट काढण्याचे काम कोन इचिकावा या दिग्दर्शकाकडे आले. १९६५ साली त्याने जवळजवळ तीन तासांचा चित्रपट पुढे ठेवला. ऑलिंपिकचा कारभार पाहणारे मंत्री इचिरो कोनो तो पाहून नाराज झाले. हवी होती नोंद, हाती आली कलाकृती!

वाचकहो, तक्रार अगदीच पोकळ नव्हती. मॅरॅथॉन जिंकणाऱ्या अबेबे बिकिलाला इचिकावाने संथ गतीने डोळे भरून दाखवले खरे. पण दमून रस्त्यातच थांबलेल्यांकडेही त्याचा कॅमेरा वळला. १९६० साली स्वतंत्र झालेल्या चाड देशाचा अहमद इसा आठशे मीटरच्या उपांत्य फेरीतच बाद झाला. निकालपत्रात त्याची जेमतेम एक ओळ. इचिकावा मात्र त्याच्यामागे भोजनगृहापर्यंत गेला. भोवती सारे जग जेवते आहे आणि हा एकटाच घास घेतो आहे!

जपानी प्रेक्षकांनी या चित्रपटाला तुडुंब गर्दी केली. विक्रम काय, पुढच्या सामन्यांत मोडतात. इसाचे ते एकाकी जेवण मात्र कोणाला मोडता येणार नाही.