हौशी खाजगी विमानोड्डाण

हौशी खाजगी विमानोड्डाण : भाडे किंवा मोबदला न घेता, उडण्याच्या आनंदासाठी अथवा स्वतःच्या प्रवासासाठी लहान विमान चालविण्याचा छंद. अमेरिकेत तो सर्वाधिक फोफावला आणि महागाईचा फटकाही तिथेच सर्वांत ठळक दिसतो. १९८० मध्ये तिथे खाजगी वैमानिकाचे परवानाधारक साडेतीन लाखांहून अधिक होते. पुढील चार दशकांत ही संख्या निम्म्यावर आली.

उत्पादनाची घसरण याहून तीव्र होती. १९७८ मध्ये अमेरिकी कारखान्यांतून सुमारे १७,८०० लहान-मोठी खाजगी विमाने बाहेर पडली, तर १९९४ मध्ये हजारही नाहीत. मंदी आणि चढे व्याजदर यांच्या जोडीला अपघातानंतर उत्पादकांवर होणारे भरपाईचे दावे होते, तेही कित्येक दशके जुन्या विमानांसाठी. सेसना कंपनीने १९८६ मध्ये पिस्टन इंजिनाची छोटी विमाने बनविणे थांबविले. पायपरने १९९१ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. १९९४ च्या कायद्याने उत्पादकाच्या जबाबदारीला १८ वर्षांची मर्यादा घातली आणि सेसनाने कॅन्ससमधील नव्या कारखान्यात उत्पादन पुन्हा सुरू केले.

किमती मात्र खाली आल्या नाहीत. ४४,००० हून अधिक संख्येने बनलेले ‘सेसना १७२’ १९५६ मध्ये सुमारे ९,००० डॉलरला मिळे. आजच्या पैशात ही रक्कम एक लाख डॉलरच्या आसपास भरते. नवे विमान आता चार लाखांच्या पुढे आहे. प्रमाणन, सुटे भाग आणि विमा यांचा बोजा वर्षाकाठी विकल्या जाणाऱ्या थोड्याशा विमानांवर पडतो; त्यामुळे किंमत वाढते, ग्राहक घटतात आणि उरलेल्यांवरचा भार आणखी वाढतो. म्हणून बहुतेक हौशी वैमानिक १९७० च्या दशकातली जुनी विमाने सांभाळतात. वार्षिक तपासणी, विमा व हँगरचे भाडे हे खर्च विमान उडाले नाही तरी चुकत नाहीत. ते वाटून घेण्यासाठी अनेकजण क्लबमार्फत भागीदारीत विमान ठेवतात.

तळांचे भवितव्यही डळमळीत आहे. शिकागोच्या मेग्ज फील्डची धावपट्टी महापौरांच्या आदेशाने २००३ मध्ये एका रात्रीत उखडण्यात आली. कॅलिफोर्नियातील सँटा मोनिका विमानतळ २०२८ अखेर बंद करण्याची मुभा शहराला मिळाली आहे.

भारतातील पहिला वैमानिक परवाना जे. आर. डी. टाटा यांना १९२९ मध्ये मिळाला, तो मुंबईच्या जुहूमधील फ्लाइंग क्लबच्या बळावर. पुढे मात्र आपल्याकडे परवान्याची वाट मुख्यतः नोकरीकडे वळली. कांदिवलीत गच्चीवर विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव यांना नोंदणी व उड्डाणाच्या परवानगीसाठी वर्षानुवर्षे झगडावे लागले.

स्वतः विमान बांधण्याच्या वाटेला अमेरिकेत मात्र भक्कम आधार आहे. पॉल पोबरेझ्नी यांनी १९५३ मध्ये स्थापन केलेली एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन ऑशकॉश येथे दरवर्षी विमानमेळावा भरविते. २००४ च्या नियमाने ‘स्पोर्ट पायलट’ या नव्या परवान्यासाठी प्रशिक्षणाचे किमान तास खाजगी परवान्याच्या ४० ऐवजी २० ठेवले आणि वैद्यकीय प्रमाणपत्राऐवजी मोटार चालविण्याचा परवाना चालेल, असे ठरविले. २०२५ मधील सुधारणेमुळे या वैमानिकांना ‘सेसना १७२’ सारखी चार आसनी विमानेही चालविता येतात. सोबत प्रवासी मात्र एकच. प्रवेशाचा खर्च घटविणारा हा अलीकडचा सर्वांत मोठा बदल आहे.

इंधनाचा प्रश्न अद्याप सुटलेला नाही. मोटारींच्या पेट्रोलमधील शिसे अमेरिकेत १९९६ मध्ये हद्दपार झाले, पण अनेक विमान-इंजिनांतील स्फोटक ज्वलन रोखण्यासाठी ‘१०० एलएल’ या विमान-पेट्रोलमध्ये ते आजही मिसळले जाते. विमानतळांशेजारी राहणाऱ्या मुलांच्या आरोग्याची चिंता रास्त असल्याने कॅलिफोर्नियातील सँटा क्लारा काउंटीने २०२२ पासून आपल्या तळांवर त्याची विक्री बंद केली. त्याच वर्षी शिसेविरहित ‘जी१००यूएल’ ला सरकारी मान्यता मिळाली; मात्र काही विमानांचा रंग व टाक्यांचे सीलंट खराब होत असल्याच्या तक्रारी पुढे आल्या. शिसेयुक्त इंधन हटविण्यासाठी सरकार व उद्योगाने २०३० अखेरचे उद्दिष्ट ठेवले आहे.