औषधविक्रीतून फ्लूचा माग : एका पद्धतीची कुळकथा

फ्लूची साथ किती मोठी होती हे सांगण्याचा जुना मार्ग मृत्यूच्या नोंदींतून जात असे. १८४७ साली लंडनमध्ये साथ आली, तेव्हा तिथल्या जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयातील विल्यम फार यांनी नेहमीपेक्षा किती जास्त माणसे मेली हे मोजले आणि त्या आकड्यावरून साथीचा आवाका ठरवला. ही पद्धत आजही वापरात आहे, पण तिचे उत्तर उशिरा येते. पुढे डॉक्टरांकडे येणारे रुग्ण आणि प्रयोगशाळेतले नमुने मोजले जाऊ लागले, तरी एक मोठी फट उरलीच. फ्लू झालेली बरीच माणसे डॉक्टरकडे जातच नाहीत. ताप-सर्दीची गोळी आणतात आणि घरी पडून राहतात. त्यांच्या आजाराची एकमेव नोंद औषध दुकानाच्या बिलात असते. विक्रीवरून साथ ओळखण्याची कल्पना या फटीतून जन्मली. तिचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट ठळक दिसते : बातमी लवकर हवी असेल तर खात्री कमी मिळते आणि खात्री हवी असेल तर थोडे थांबावे लागते.

१९७९ मध्ये वेलिव्हर हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉस एंजेलिसमधील सर्दी-खोकल्याच्या, चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या औषधांच्या विक्रीचा फ्लूच्या साथीशी मेळ घालून पाहिला. हे काम सोपे व्हायला बारकोड कारणीभूत ठरला. १९७४ मध्ये ओहायोतील ट्रॉय गावच्या दुकानात पहिल्यांदा वापरला गेलेला हा कोड हळूहळू सगळीकडे पोचला आणि कोणत्या दिवशी काय खपले याची नोंद आपोआप होऊ लागली. याच सुमारास औषधाची मागणी किती नेमकी बोलू शकते, याचा पुरावा दुसरीकडून मिळाला. पेंटामिडिन हे दुर्मीळ औषध अमेरिकेत फक्त रोगनियंत्रण केंद्राकडून मिळे. १९८१ मध्ये तरुण रुग्णांसाठी त्याची मागणी अचानक वाढल्याचे तिथल्या कर्मचारी सँड्रा फोर्ड यांच्या लक्षात आले. पुढे एड्स म्हणून ओळखल्या गेलेल्या रोगाच्या अगदी पहिल्या खुणांपैकी ती एक होती. तिथे थोड्याच चिठ्ठ्या पुरल्या, कारण ते औषध मोजक्याच आजारांवर दिले जाई. खोकल्याच्या सिरपच्या हजार बाटल्याही तितके ठामपणे बोलत नाहीत.

मोठा धक्का १९९३ मध्ये बसला. अमेरिकेतील मिलवॉकी शहराच्या नळाच्या पाण्यातून क्रिप्टोस्पोरिडियम हा जुलाब घडवणारा परजीवी पसरला आणि सुमारे ४ लाख माणसे आजारी पडली. जुलाबाच्या औषधांचा खप वाढलेला होता, पण तो आकडा रोज पाहण्याची व्यवस्था कुणाकडे नव्हती. २००१ च्या अँथ्रॅक्स हल्ल्यांनंतर अशा यंत्रणांची निकड वाढली आणि पिट्सबर्ग विद्यापीठाने २००२ च्या अखेरीस देशभरच्या साखळी दुकानांची विक्री गोळा करायला सुरुवात केली. खोकल्याची औषधे, थर्मामीटर, मुलांसाठीची क्षारद्रावणे असे गट पाडून रोजचा खप नेहमीच्या खपाशी ताडला जाई.

यावरचा पहिला आक्षेप रास्त आहे : खप आजाराने वाढतो तसा सवलतीने, अफवेने आणि साठेबाजीनेही वाढतो. माणसांच्या वागण्यावरून आजार मोजणे किती फसू शकते, हे गूगलच्या फ्लू ट्रेंड्सने दाखवले. लोक इंटरनेटवर काय शोधतात यावरून फ्लूचा अंदाज सांगणारी ही सेवा २००८ मध्ये सुरू झाली. २०१२-१३ च्या हिवाळ्यात तिचा आकडा अधिकृत आकड्याच्या जवळपास दुप्पट निघाला आणि २०१५ मध्ये ती बंद पडली. मात्र यातून विक्रीचे आकडे निरुपयोगी ठरत नाहीत. सवलतीचे दिवस, सुट्ट्या आणि वार यांचा परिणाम वजा करता येतो. वजाबाकीनंतरही उरलेल्या वाढीला निदान मानू नये. ती वाढ म्हणजे त्या भागात जाऊन नमुने तपासण्याचा इशारा आहे.

खात्रीच्या टोकाचे उदाहरण जपानचे आहे. तिथे डॉक्टर झटपट चाचणी करून ऑसेल्टामिव्हिरसारखे फ्लूचेच औषध लिहून देतात, आणि २००९ पासून दुकानांतल्या संगणकीकृत चिठ्ठ्यांवरून रुग्णसंख्येचा अंदाज बांधला जाऊ लागला. भारतात त्याच वर्षी पुण्यात स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू झाला. पण इथे ऑसेल्टामिव्हिर शेड्यूल एक्समध्ये होते, म्हणजे वेगळा परवाना असलेल्या मोजक्याच दुकानांत मिळे. अशा विक्रीवरून साथीपेक्षा परवान्यांचाच नकाशा उमटला असता. २०१७ मध्ये ते शेड्यूल एच-वन या कमी कडक यादीत आले आणि ते विकणारी दुकाने वाढली. आकडा वाचण्याआधी नियम वाचावा लागतो, हा त्याचा धडा.

दुसरा आक्षेप खासगीपणाचा, आणि तो अधिक गंभीर आहे. एप्रिल २०२० मध्ये, कोविडच्या साथीत, तेलंगणाने औषध दुकानांना ताप-खोकल्याची औषधे घेणाऱ्यांची नावे आणि फोन नंबर नोंदवायला सांगितले. संपर्क शोधण्यासाठी याचा उपयोग असेल. पण नाव लिहिले जाणार म्हटल्यावर माणूस गोळी घेणेच टाळू शकतो आणि ज्या आकड्यावर भरवसा ठेवायचा तोच बिघडतो. साथीचा माग काढायला नावाची गरज नाही; कोणत्या भागात, कोणत्या दिवशी, कोणत्या गटाची किती पाकिटे खपली एवढे पुरे. आपल्याकडे चिठ्ठीशिवाय औषध घेणाऱ्यांची संख्या मोठी आहे, म्हणून ही माहिती आपल्याला अधिकच उपयोगी पडेल. आरोग्य खात्याने ती नावांशिवाय, रोजच्या रोज गोळा करावी आणि प्रयोगशाळेच्या अहवालाशेजारी ठेवून वाचावी.